‘देते’ आणि ‘पिते’ : जुन्या मोटारीच्या निवडीचा इतिहास

जुनी मोटार पाहायला गेलेला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा : ‘किती देते?’ काय देते, हे सांगावे लागत नाही. विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला ते ठाऊक असते. उत्तरही तसेच तुटक येते : ‘अठरा’, ‘वीस’, ‘हायवेला बावीस’. ह्या आकड्याला आपण ‘ॲव्हरेज’ म्हणतो. इंग्रजीत ह्या शब्दाने पावसाची, धावांची, गुणांची, कशाचीही सरासरी सांगता येते. मराठीच्या बोलीत मात्र त्याने एकच घर धरले आहे : एका लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर चालते. ‘सरासरी’ हा शब्द हाताशी असूनही ‘गाडीची सरासरी’ असे कुणी म्हणत नाही. दुसरा प्रतिशब्द ‘मायलेज’. त्यातला मैल १९५६ च्या दशमान मापांच्या कायद्यानंतर रस्त्यावरच्या दगडांवरून हळूहळू पुसला गेला, पण शब्दात राहिला.

आमचे लक्ष वेधले ते ‘देणे’ ह्या क्रियापदाने. मोटारीच्या आधी हा प्रश्न गोठ्यात विचारला जात होता. ‘म्हैस किती देते?’ ह्यातही दूध अध्याहृतच असते. ह्याच भाषेत उलट्या बाजूचे क्रियापदही आहे. ‘फार पेट्रोल पिते’ असे आपण गाडीविषयी म्हणतो, पण ते गाडी घेऊन झाल्यावर. घेताना ‘देते’ आणि घेतल्यावर ‘पिते’ ह्या दोन क्रियापदांमधल्या अंतरात गेल्या पन्नास-साठ वर्षांचा एक इतिहास आहे. तो समजला तर रोजच्या जाण्यायेण्यासाठी जुनी मोटार निवडणाऱ्याला काही उपयोग होईल असे आम्हांस वाटते. ह्या इतिहासासाठी आम्ही उमरखेड हे गाव समोर ठेवले आहे.

गाव आणि अंतर

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. जवळून पैनगंगा वाहते. १९४८ पर्यंत ही नदी ह्या भागात दोन राजवटींची सीमा होती : अलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. सीमा गेली, पण गावाची दुहेरी ओढ राहिली. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ शंभर किलोमीटरहून दूर. मोठी बाजारपेठ, दवाखाने आणि रेल्वे ह्यांसाठी नांदेड जवळचे. महसुली जिल्हा यवतमाळ असला तरी लोकसभेचा मतदारसंघ हिंगोलीचा. इथल्या रस्त्यावर ‘एमएच २९’ आणि ‘एमएच २६’, म्हणजे यवतमाळ आणि नांदेड, अशा दोन्ही पासिंगच्या गाड्या सारख्याच ओळखीच्या.

रेल्वे मात्र गावाला मिळाली नाही. वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठी घातलेली यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची वाट, लोकांची ‘शकुंतला’, जिल्ह्याच्या उत्तरेलाच राहिली. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नियोजित मार्ग उमरखेडवरून जातो खरा. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा वर्धा–कळंब हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा उमरखेडकर अजून एसटीच्या थांब्यावरच उभे होते. रेल्वेच्या गावात माणूस मासिक पास काढतो. रेल्वे नसलेल्या गावात तो एसटीने जातो, नाहीतर गाडी शोधतो.

ह्या शोधाला मराठीत ‘अपडाऊन’ म्हणतात. रेल्वेच्याच परिभाषेतला हा शब्द रेल्वे नसलेल्या गावांनीही उचलला, हे गमतीचे आहे. पुसद, हदगाव, महागाव, नांदेड ह्यांच्यामध्ये अपडाऊन करणारे शिक्षक, प्राध्यापक, बँकेतले कारकून, परिचारिका ह्यांचा एक वर्गच तयार झाला आहे. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे की नाही हा वाद महाराष्ट्रात वारंवार उठतो. त्या वादात सहसा न बोलली जाणारी गोष्ट ही की एकाच घरातल्या दोघांच्या नोकऱ्या दोन गावांत असतात आणि मुलांची शाळा तिसऱ्या गावात. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा ‘स्वतःचे काहीतरी चाक हवे’ ही भावना पक्की झाली. नवी गाडी पगारात बसत नाही आणि दुचाकीवरून उन्हापावसात रोज ऐंशी किलोमीटर निभत नाही, अशा माणसासाठी जुनी मोटार ही चैन राहत नाही.

जुनी गाडी महाग होती तेव्हा

आज ‘सेकंड हँड’ म्हटले की ‘स्वस्त’ हा अर्थ आपोआप येतो. नेहमी तसे नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत सामान्य ग्राहकाला मोटार म्हणजे मुख्यतः दोनच नावे : कलकत्त्याजवळच्या हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसॅडर आणि वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याच्या कारखान्यात जुळणारी फियाट, जी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरे. १९५९ च्या हुकुमाने मोटारींची विक्री आणि वाटपही सरकारी नियंत्रणाखाली आले. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणे हा मोटार खरेदीचा भागच होता. अशा टंचाईत ताबडतोब हाती येणारी वापरलेली गाडी कधीकधी नव्या गाडीच्या छापील किमतीहून जास्त पैसे देऊन घेतली जाई. घेणारा तेव्हा ‘किती देते?’ असे विचारत नसे, ‘मिळते का?’ असे विचारी.

हा प्रश्न बदलण्याची सुरुवात ऑक्टोबर १९७३ च्या अरब–इस्रायल युद्धाने केली. काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. नोव्हेंबरमध्ये पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, तो प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात आहे. १९७८ साली इंधन बचतीसाठी पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था निघाली. लिटर हे हिशेबाचे माप झाले.

मग १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, वजनाला हलकी, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. आधीच लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. म्हणून सुरुवातीची काही वर्षे हिच्याही जुन्या गाडीला चढा भाव मिळाला. १९८५ च्या हिरो होंडाने दुचाकीवाल्यांना चार स्ट्रोकच्या इंजिनाची आणि टाकी भरून विसरून जाण्याची सवय लावली. ‘ॲव्हरेज’ हा शब्द गावोगाव रुळला तो आमच्या अंदाजाने ह्याच काळात, आणि बहुधा मोटारसायकलवर बसून. १९९१ नंतर परवान्यांची पकड सैल झाली, नव्या गाड्या हव्या तेव्हा मिळू लागल्या, आणि मग जुनी गाडी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने स्वस्त झाली. शहरातल्या घराने टाकलेली मारुती किंवा २००० साली आलेली आल्टो तालुक्याच्या गावात पोचू लागली. उमरखेडसारख्या गावाचा मोटारीशी घरगुती संबंध आला तो बहुतांशी असा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या नात्याने.

डिझेलचे दशक

ह्या इतिहासात एक आडवळण आहे आणि त्याचे अवशेष आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात उभे आहेत. शेती आणि मालवाहतूक ह्यांच्यासाठी डिझेल स्वस्त ठेवण्याचे धोरण होते. १९९८ साली पुण्याच्या टाटांच्या कारखान्यातून इंडिका बाहेर पडली आणि छोट्या गाडीतही डिझेल आले. पुढे फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसले की त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. पुण्याजवळच्या रांजणगावात ते तयार होत असे. २०१२ च्या मे महिन्यात पेट्रोल आणि डिझेल ह्यांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर होते. रोज लांब अपडाऊन करणाऱ्याने डिझेल निवडणे तेव्हा शहाणपणाचे होते.

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. अंतर आटत अर्ध्याहून कमी झाले. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. आज बाजारात दिसणारी दहा-बारा वर्षांची डिझेल गाडी त्या जुन्या दरफरकाच्या हिशेबाने घेतली गेली होती. ती लिटरला अजूनही जास्त ‘देते’, पण तिचे इंजेक्टर, टर्बो, क्लच दुरुस्तीला आले की वर्षभराची बचत एका फेरीत जाते. आजच्या खरेदीदाराला तिचा ॲव्हरेजचा आकडा मिळतो. ज्या दरफरकामुळे त्या आकड्याला किंमत होती, तो दरफरक मिळत नाही.

दात मोजण्याची विद्या

जुन्या गाडीविषयी विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० साली ह्याच गोष्टीवर एक निबंध लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : चांगली आणि खराब जुनी गाडी बाहेरून सारखीच दिसते, म्हणून गिऱ्हाईक मधलाच भाव देतो, त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही, आणि बाजारात खराब माल उरत जातो. २००१ साली अकरलॉफ ह्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आपल्या बैलबाजारांना हे दुखणे जुनेच ठाऊक होते. म्हणून तिथे एक विद्या घडली. बैल ‘दोन दाती’ की ‘जुळलेला’ हे जबडा उघडून पाहायचे, खूर आणि वशिंड तपासायचे, भोवरे पाहायचे, चालवून आणि जुंपून बघायचे. आणि हेड्याच्या शब्दापेक्षा बैल ज्या घरातून आला त्या घराची चौकशी करायची. मोटारीचे दात म्हणजे तिचे ‘रनिंग’, आणि मीटर मागे घेता येते. म्हणून पायातल्या पेडलचे रबर, सुकाणूची झिजलेली कड, आसनाचा बसलेला कोपरा आणि सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी ताडून पाहाव्यात. आरसी पुस्तकावर कर्जाचा बोजा आहे का, कितवा मालक आहे, आणि खाजगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे कधी संपतात हे पाहावे, कारण नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि वेगळा कर येतो. ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा; घराची चौकशी करण्याचे काम आता तो करतो.

‘पिते’चा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. युरोपात गाडीचे माप ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे सांगतात. म्हणजे ते ‘पिते’ हे क्रियापद वापरतात. हा फरक केवळ रीतीचा नाही. वर्षाला २०,००० किलोमीटर, म्हणजे अडीचशे दिवस रोज ८० किलोमीटर, असे धरू. लिटरला १० देणारी गाडी वर्षाला २,००० लिटर पिते. १५ देणारी १,३३३. २० देणारी १,०००. २५ देणारी ८००. प्रत्येक पायरी पाचाचीच आहे, पण बचत ६६७, ३३३, २०० अशी घटत जाते. ‘देते’च्या भाषेत सारख्या दिसणाऱ्या पायऱ्या ‘पिते’च्या भाषेत सारख्या राहत नाहीत. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल ह्या अभ्यासकांनी २००८ साली हा भ्रम प्रयोगांनी दाखवून दिला.

लिटरला १०५ रुपये धरले तर २० आणि २५ देणाऱ्या गाड्यांत वर्षाला २१,००० रुपयांचा फरक पडतो. जाणेयेणे रोज २० किलोमीटरच असेल तर तोच फरक ५,२५० रुपयांवर येतो. त्यासाठी पन्नास हजार रुपये जास्त मोजणारा माणूस साडेनऊ वर्षांनी बरोबरीला येईल, तोवर गाडीच नोंदणीबाहेर जाईल. तेव्हा आधी स्वतःची वाट मोजावी आणि मग गाडी पाहावी. रोजची वाट छोटी असेल तर ॲव्हरेजपेक्षा गाडीची अवस्था आणि जवळ मिळणारे सुटे भाग महत्त्वाचे. वाट लांब असेल तर हलकी, छोट्या इंजिनाची पेट्रोल गाडी. आणि सीएनजी घ्यायची झाल्यास पंप आपल्या वाटेवर असला पाहिजे.

छापील आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीतून येतो. रस्त्यावर तो क्वचितच मिळतो. खरा आकडा काढण्याची रीत सोपी आहे : टाकी काठोकाठ भरावी, आपल्याच वाटेवर दोन-तीनशे किलोमीटर चालवावी, पुन्हा त्याच पंपावर भरावी आणि भागाकार करावा. विकणारा ओळखीचा असेल तर एवढी मुभा देतो. नांदेड–उमरखेड–यवतमाळ रस्ता अलीकडे चौपदरी झाला आहे, त्याचाही इथे संबंध आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जी गाडी सत्तरच्या वेगाला बावीस देते ती शंभरला तेवढी देणार नाही. ॲव्हरेजचा काही भाग चालवणाऱ्याच्या पायात असतो आणि तो विकत मिळत नाही.

शेवटी एक ताजी भर. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी. त्यासाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकीचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांपर्यंत घटू शकते, असे सरकारी तज्ज्ञ समितीनेच आधी नोंदवले होते. विसाची गाडी एकोणिसावर येते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या गाडीचा भाव करताना नव्या गाडीचा भावही पाहून ठेवावा. पण उमरखेड तालुक्यातल्या पोफाळीला साखर कारखाना उभा राहिला, तो ह्याच मातीत ऊस होतो म्हणून. आणि इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊसच आहे. अपडाऊन करणाऱ्या शिक्षकाच्या टाकीतून जे थोडे जास्त जाते, त्यातले काही ऊस लावणाऱ्या भावाच्या घरी परत येते की नाही, हा हिशेब एकाच कुटुंबात मांडता येईल अशी घरे ह्या तालुक्यात असणार. ‘किती देते?’ हा प्रश्न तिथे कुणाला विचारायचा, ते त्या घरांनीच ठरवायचे आहे.