परक्या रुळांवरची वाट

उटनूरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर एकीकडे आदिलाबाद, दुसरीकडे मंचेरियल. नकाशावर ही दोन स्टेशनं एकाच मुलखात दिसतात, पण त्यांचा इतिहास फार वेगळा आहे.

मंचेरियलचा मार्ग काझीपेठ–बल्लारशाहचा, निजामाच्या रेल्वेने बांधलेला. बल्लारशाहला तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या रुळांना भेटला, आणि 1929 मध्ये दिल्ली–मद्रास अशी सरळ वाट झाली. मालक दोन, पण रूळ सारखेच रुंद, 1676 मिलिमीटरचे. त्यामुळे एका कंपनीची वाघीण दुसरीच्या रुळांवर जाऊ शके. किती दिवस वापरली त्याचं भाडं कंपन्या आपापसांत हिशेबाने चुकते करत. आपल्या दुकानांच्या वह्यांत जमाखर्च असे, तसाच.

आदिलाबादचा मुदखेडहून येणारा फाटा मात्र मीटरगेज, एक मीटर रुंदीचा. त्यावरची गाडी ब्रॉडगेजवर चढणारच कशी? इथला कापूस मुंबईकडे पाठवायचा तर मनमाडला एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागे. गठ्ठे हमालांच्या पाठीवरून जायचे. वेळ जायचा, मजुरी लागायची. 1951 मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत गेली, 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली. मालक बदलले, तरी रुळांमधलं अंतर तेवढंच राहिलं!

या शतकाच्या पहिल्या दशकात मुदखेड–आदिलाबाद मार्ग ब्रॉडगेज झाला आणि पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या पिंपळखुटीशी जोडला गेला. तिथून मध्य रेल्वेच्या माजरीपर्यंत वाट होतीच. ज्या गावी रूळ संपायचे, ते गाव आता मधलं झालं.

त्याचा उपयोग 12 नोव्हेंबर 2024 ला कळला. पेद्दपल्लीजवळ राघवापुरमला लोखंडाने भरलेल्या मालगाडीचे 11 डबे घसरले आणि दिल्लीकडचा मुख्य मार्ग बंद पडला. तेव्हा काही गाड्या निझामाबाद, मुदखेड, आदिलाबाद, पिंपळखुटी, माजरी अशा फिरून गेल्या.

पण असं वळवणं म्हणजे नुसता काटा बदलणं नव्हे. नव्या वाटेची चढ-वळणं ठाऊक असलेला चालक लागतो. पूल तेवढं वजन पेलेल का, हे पाहावं लागतं. समोरून गाडी आली तर बाजूला उभं राहायला गाडीच्या लांबीइतका जादा रूळ लागतो. एकेरी मार्गावर पाहुणी गाडी आली की घरची गाडी थांबते. तरीही जागा द्यायची, कारण उद्या आपल्यावरही वेळ येऊ शकते.

आपल्या साध्वीजी विहारात हिरवळ तुडवायला नको म्हणून लांबची वाट धरतात. त्यांना चार पावलं जास्त पडतात, आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. रेल्वेला मात्र हिशेब द्यावा लागतो. म्हणून एरवी रिकामी दिसणारी वाट खर्चिक वाटते, 'कशाला हवी' असा प्रश्न येतो. घरात अडीअडचणीला राखून ठेवलेल्या डब्याबद्दलही हेच विचारतात ना? डब्याची किंमत पाहुणे दारात आल्यावरच कळते.

उटनूरच्या बाईला गाडी धरायला आजही आधी बसमध्येच बसावं लागतं. पण तिच्या दोन्ही बाजूंच्या वाटा आता एकमेकींना आधार देतात. मुख्य वाट अडली, तर आडवाट मदतीला येते. ती आडवाट आपल्या आदिलाबादवरून जाते, हे आपल्या लेकीबाळींना ठाऊक असायला हवं.