रोज थोडं पाणी

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा बरीच मंडळी हळहळली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र काळी-पिवळी टॅक्सी आलीच नाही. आली ती आमची पांढरी पद्मिनी, खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली, आणि शेजारी हातात पाण्याचा कॅन घेतलेले बाबा.

मे १९९४. साताऱ्याला आजी अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि आम्ही ठाण्याहून निघालो. एक्सप्रेसवे तेव्हा नव्हता. खोपोली सोडली, शिंगरोबाच्या देवळापाशी आईने नेहमीसारखं नाणं टाकलं, आणि पुढच्या चढावर बॉनेटखालून वाफ यायला लागली. थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, पाणी घालायचं, थोडं पुढे जायचं, पुन्हा थांबायचं... असं तीन वेळा झालं. साताऱ्याला पोचलो तेव्हा आजी गेली होती. बाबा काही बोलले नाहीत. मी बोललो. सोळा वर्षांचा होतो. "एवढं रोज गाडीचं करता, मग आजच ही वेळ का आली?"

बाबा खरंच रोज करायचे. सकाळी पेपर वाचायच्या आधी बॉनेट उघडायचं, रेडिएटरची टोपी काढायची आणि सोसायटीच्या बोअरिंगचं पाणी काठोकाठ भरायचं. दर वेळी अर्धा-पाऊण लिटर तरी लागायचं. त्यांना ते कुणी शिकवलं ठाऊक नाही, पण त्या काळी गाडी बाळगणारे बहुतेक सगळे हेच करत.

ही सवय आली कुठून, हे शोधताना मी थेट १८८६ सालापर्यंत मागे गेलो. पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला ढोबळमानाने पाव हिस्साच चाकं फिरवायला कामी येतो. उरलेली धुराबरोबर जाते किंवा इंजिनच्या अंगात शिरते. ती बाहेर काढली नाही तर पिस्टन सिलिंडरमध्ये जखडतो. कार्ल बेंझने १८८६ साली ज्या तीनचाकीचं पेटंट घेतलं, तिच्यात यावर साधा उपाय होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं आणि ते उकळून उडून जाऊ द्यायचं. वाफ उष्णता घेऊन जाणार, आपण नवं पाणी ओतायचं. ऑगस्ट १८८८मध्ये त्याची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला याच गाडीने गेली. शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता. वाटेत मिळेल तिथून पाणी घेत घेत ती माहेरी पोचली. पाणी घालत राहणं हा त्या गाडीचा दोष नव्हता, ती तिची रीतच होती.

ही रीत बदलली विल्हेल्म मायबाखने. १९००च्या शेवटी तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीजसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ६ मिलिमीटर रुंदीच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाणार, त्यांच्या फटींतून पाणी वाहणार, आणि मागे हवा ओढायला पंखा. ३५ अश्वशक्तीच्या इंजिनाला ९ लिटर पाणी पुरू लागलं, कारण तेच पाणी फिरून फिरून थंड होत होतं. पुढे पाणी फिरवायला पंप सगळीकडे रुळला. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट आला. आणि स्प्रिंगची टोपी आली, जी आत दाब धरून ठेवते. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. घाटात याचा उपयोग फार. लोणावळ्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं, आणि इंजिन तर तिथेच सगळ्यात जास्त राबत असतं.

सांगायचा मुद्दा हा, की या सगळ्या बदलांत पाणी कमी होण्याचा अर्थच उलटा झाला. बर्थाच्या गाडीत पाणी संपणं म्हणजे सगळं नीट चालल्याची खूण. आमच्या गाडीत रोज पाणी कमी होणं म्हणजे कुठेतरी बिघाड. गाड्या बदलल्या, पण आपली सवय मात्र बर्थाच्याच काळातली राहिली.

बाबा २०१६ साली गेले. गाडी दोन पावसाळे झाकून उभी होती. एका गॅरेजवाल्याने "इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा भंगारात द्या" म्हणून सांगितलं. आईला ते ऐकवेना. शेवटी पद्मिनी टॅक्सींवर आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्याराला हात न लावता आधी विचारलं, "साहेब, गरम कधी होते? सिग्नलला उभी असताना, की चढावर?"

चढावर, मी म्हटलं. मग पंखा आणि बेल्ट बहुतेक ठीक, ते म्हणाले. उभ्या गाडीत गरम होत असेल तर वारा कमी, पळत्या गाडीत किंवा चढावर होत असेल तर पाणी नीट फिरत नाही. मग ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल दुधाळ नव्हतं. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. थर्मोस्टॅट कुणीतरी कधीच काढून टाकला होता, जसा आपल्याकडे सर्रास काढतात. इंजिन पुरतं तापल्यावर त्यांनी रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवला, माझाही फिरवायला लावला. काही भाग चटका बसेल इतका गरम, काही चक्क गार. गार भागात पाणी पोचतच नव्हतं.

रेडिएटरची वरची टाकी उकलली. आजीकडच्या तांब्याच्या बंबात जसा पांढरा थर धरायचा, अगदी तसाच थर. निम्म्या नळ्या बुजलेल्या. बोअरिंगच्या जड पाण्यातला चुना तापला की सुटतो आणि धातूला चिकटतो. एकदा भरलेल्या पाण्यात चुना असून असून किती असणार? पण रोज थोडं पाणी उडून जायचं, चुना मागे राहायचा, आणि रोज नवं पाणी नवा चुना घेऊन यायचं. वर्षानुवर्षं.

आणि पाणी रोज जात कुठे होतं? मिस्त्रींनी टोपी माझ्या हातात दिली. स्प्रिंग मेलेली, रबर दगडासारखं कडक. दाब धरतच नव्हती. टोपी दाब धरत नाही म्हणून पाणी उडायचं, पाणी उडतं म्हणून बाबा घालायचे, आणि ते घालत म्हणून नळ्या बुजायच्या. सगळ्या बिघाडाचं मूळ त्या स्वस्तातल्या टोपीत होतं.

१९९४ साली नेमकं हेच झालं होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण रोजचा अर्धा लिटर तेव्हाही होता. आम्हा कुणालाच वाटलं नाही, की पाणी जातं कुठे ते विचारावं. किती घालायचं तेवढं आम्हाला माहीत होतं. मी बाबांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या निष्काळजीपणात नव्हतंच. ते त्यांच्या काळजीत होतं, आणि हे मला कळलं तेव्हा सांगायला ते नव्हते.

नळ्या साफ करून, नवी टोपी आणि थर्मोस्टॅट बसवून, शुद्ध पाणी आणि कूलंट घालून गाडी घाटात नेली. आई शेजारी होती. शिंगरोबापाशी तिने नाणं टाकलं. गाडी एकदाही न थांबता वर चढली. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना एकदा तरी अशी चढायला हवी होती."

असो. तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि तिला रोज पाणी घालावं लागत असेल, तर कृपा करून नुसतं घालत राहू नका. इंजिन गार असताना आधी टोपी बघा.