पंख्याचा आवाज आणि त्याचे निदान
पंख्यावर चालणाऱ्या पहिल्या जहाजांना शिडेही होती, आणि पंख्याच्या गोंगाटाची तक्रार तेव्हापासूनची आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ मध्ये स्क्रूच्या आकाराच्या पंख्याचे पेटंट घेतले. दोनच वर्षांनी लंडनमध्ये ‘आर्किमिडीज’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज त्याच पंख्यासह पाण्यात उतरले. त्या काळची वाफेची इंजिने संथ फिरत, पंख्याला मात्र वेग हवा असे. म्हणून मध्ये दातेरी चक्रे घातली गेली आणि त्यांच्या खडखडाटाने जहाजाचा मागचा भाग हादरू लागला. बोल लागला पंख्याला, दोष होता चक्रांचा. पुढे तिरप्या दात्यांची चक्रे बसवल्यावर हा त्रास कमी झाला. १८४३ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजावर अभियंता ब्रुनेलने चक्रांऐवजी साखळ्या वापरल्या. इंजिनाच्या मिनिटाला १८ फेऱ्यांचे पंख्यापाशी ५४ फेरे होत, आणि तेही फारसा आवाज न करता.

आवाजाचे दुसरे मूळ पंखा फिरवणारा शाफ्ट (दांडा) जहाजाबाहेर पडतो त्या जागी होते. इथले पितळी बेअरिंग खाऱ्या पाण्यात आणि वाळूत भराभर झिजे. मग शाफ्ट ढिला पडून आपटू लागे, जहाज थरथरे आणि पाणीही आत येई. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ च्या अखेरीस, ‘रॉयल अल्बर्ट’ या ब्रिटिश युद्धनौकेत याच जागेतून इतके पाणी शिरले की ती एका ग्रीक बेटाच्या किनाऱ्यावर मुद्दाम चढवावी लागली. यावरचा तोडगा आदल्या वर्षीच अभियंता जॉन पेनच्या पेटंटात आला होता. धातूऐवजी लिग्नम व्हिटे या लाकडाच्या पट्ट्या लावायच्या. हे लाकूड इतके घट्ट असते की पाण्यात बुडते, आणि त्यातली राळ व भोवतीचे पाणी मिळून वंगणाचे काम करतात. सागरी इंजिनांच्या इतिहासात या साध्या पट्ट्यांना मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही. त्यांच्यावाचून पंख्याची जहाजे लांबच्या सफरीला टिकलीच नसती. विसाव्या शतकात छोट्या नौकांवर त्यांची जागा खाचा पाडलेल्या रबरी बेअरिंगने घेतली. खाचांतून पाणी खेळते आणि वाळूही निघून जाते.

तिसरे कारण पाण्यातच दडलेले निघाले. १८९३ मध्ये थॉर्निक्रॉफ्टने बांधलेली ‘डेअरिंग’ ही विनाशिका चाचणीत जोरात थरथरू लागली आणि ठरलेला २७ नॉटचा वेग तिला गाठता येईना. इंजिनात खोट नव्हती. पात्यांवर पाण्याचा दाब इतका उतरत होता की तिथे बाष्पाच्या पोकळ्या तयार होत आणि पंख्याची पकड सुटे. पात्यांचे क्षेत्रफळ वाढवताच नौका २८ नॉटच्या पुढे गेली. या प्रकाराला कॅव्हिटेशन हे नाव आर. ई. फ्रूड यांनी सुचवले. चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या टर्बाइनवर चालणाऱ्या नौकेलाही १८९४ मध्ये याच अडचणीने अडवले. पार्सन्सने उकळत्या पाण्याजवळच्या तापमानाच्या छोट्या टाकीत नमुन्याचा पंखा फिरवला आणि क्षणिक प्रकाशात पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. मग त्याने एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट आणि त्यांवर नऊ पंखे बसवले. २६ जून १८९७ रोजी स्पिटहेडच्या आरमारी संचलनात ही नौका सगळ्यांना मागे टाकून गेली. पोकळ्या मिटताना धातूवर केवढा आघात होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. खालून कुणी खडी ओतत असल्यासारखा येणारा आवाज याच आघातांचा असतो.

पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या श्रवणयंत्रांवर माणसे शत्रूच्या पंख्याचे ठोके मोजू लागली. मिनिटाला फेरे किती आणि पाती किती, हे नुसते ऐकून सांगता येते हे तेव्हा पक्के झाले. १९३० च्या दशकात ‘गाणाऱ्या’ पंख्यांचा अभ्यास झाला. पात्याच्या मागच्या कडेपासून आलटूनपालटून सुटणारे भोवरे पात्याच्या नैसर्गिक कंपनाशी जुळले, की एकच स्पष्ट सूर सुरू होतो. ती कड तिरकी घासली की सूर थांबतो.

आजच्या शिडाच्या नौकेत डिझेल इंजिन, बारीक शाफ्ट आणि अनेकदा मिटणारा पंखा असतो, म्हणून निदानाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी गिअर न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन त्याच गतीने चालवायचे. आवाज तसाच राहिला तर पंख्याला दोष देण्याचे कारण नाही. आवाज थांबला तर फेऱ्यांशी त्याचे नाते पाहायचे. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडत असेल तर वाकलेला शाफ्ट, मोडलेले पाते, अडकलेला दोर किंवा गंज रोखण्यासाठी शाफ्टवर बसवलेला आणि सैल झालेला जस्ताचा तुकडा यांचा संशय घ्यावा. तीन पात्यांच्या पंख्यात फेऱ्यामागे तीन ठोके आले, तर पाती नौकेच्या तळाच्या फार जवळून जात असावीत. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर हे ठोके सेकंदाला ५० होतात, म्हणून ते सुटे न ऐकू येता घुमघुम म्हणून येतात. पात्याच्या टोकापासून तळापर्यंत पंख्याच्या व्यासाच्या दहाव्या भागाइतके तरी अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. बंद इंजिनाने, नुसत्या शिडांवर जाताना गुणगुण येत असेल, तर पाण्याच्या ओघाने पंखा मोकळा फिरत असतो. मिटणाऱ्या पंख्याचे एकच पाते उघडले तर तोल जाऊन सारी नौका हादरते. सांध्यात बसलेले शिंपले हे त्याचे नेहमीचे कारण. रबरी बेअरिंगला पाणी पोचले नाही तर ते किंचाळते, आणि झिजले असेल तर नौका किनाऱ्यावर काढून शाफ्ट हाताने वरखाली हलवला की ढिलाई लगेच कळते.

किनाऱ्यावर काढलेल्या पंख्याची पाती एकेक करून ठोकूनही पाहतात. निरोगी पाते खणखणीत वाजते. खाऱ्या पाण्याने जस्त खाल्लेले पाते गुलाबी पडते आणि बद्द वाजते. ते घासूनपुसून उपयोग नसतो, बदलावेच लागते.