पान उतरवून घेण्याची कुळकथा

फोनवर क्रोम उघडून कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले की खाली रोखलेला एक बाण दिसतो. तो दाबला की समोरचं पान फोनमध्ये उतरतं. मग नेट असो वा नसो. या बाणाचं मूळ मात्र फोनमध्ये नाही, ईमेलमध्ये आहे.

वेबपान ही मुळात एक फाइल नसतेच. मजकूर एकीकडे, चित्रं दुसरीकडे, अक्षरांची नि रंगांची मांडणी तिसरीकडे. ब्राउझर दरवेळी हा गोतावळा जमवतो. पान जपून ठेवायचं तर सगळं एका गाठोड्यात बांधायला हवं. पत्र आणि त्याला जोडलेली चित्रं एकत्र बांधायची पद्धत ईमेलकडे होती. स्टॉकहोम विद्यापीठातले जेकब पाल्मे आणि मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅलेक्स हॉपमन यांनी १९९७ मध्ये ती वेबपानाला लावली. त्यांना अख्खं पान टपालासारखं धाडायचं होतं. धाडणं फारसं कुणी केलं नाही. ठेवणं मात्र रुजलं. इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत, १९९९ साली, पान याच गाठोड्याच्या रूपात साठवता येऊ लागलं. त्याचं नाव एमएचटीएमएल.

तेव्हा खिशात पामपायलट हे हातात मावणारं यंत्र असे, पण त्याला स्वतःचं नेट नसे. संगणकाला जोडलं की ‘अ‍ॅव्हांटगो’ ही सेवा ठरलेली पानं त्यात भरून देई आणि दिवसभर ती वाचता येत. म्हणजे नेटविना वाचन ही तेव्हा सवलत नव्हती, दुसरा मार्गच नव्हता.

पुढे दुसरीच निकड आली: सापडलं आत्ता, वाचू नंतर. नेट वायनर यांनी २००७ मध्ये फायरफॉक्ससाठी ‘रीड इट लेटर’ काढलं. २००८ च्या जानेवारीत मार्को आर्मेंट यांनी ‘इन्स्टापेपर’ आणलं, तेही न्यूयॉर्कला ट्रेनने कामावर जाताना आयफोनवर वाचायला काही हवं म्हणून. लोकलच्या प्रवाशाला ही निकड समजावून सांगायला नको. इन्स्टापेपर पानातल्या जाहिराती नि कडेचा पसारा गाळून नुसता लेख ठेवी. माझ्या मते या साधनांचं खरं यश साठवण्यात नाही, या गाळणीत आहे.

एमएचटीएमएलचंच गाठोडं बांधणारा क्रोमचा बाण अँड्रॉइडवर आला डिसेंबर २०१६ मध्ये. गंमत अशी, की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओने भारतात फुकट डेटा वाटायला सुरुवात केली होती. तरी बाणाची गरज सरली नाही, कारण डेटा स्वस्त झाला म्हणून बोगद्यात, घाटात रेंज येत नाही. काही महिन्यांनी गूगलने आकडा दिला: जगभरात आठवड्याला साडेचार कोटींहून जास्त पानं उतरवली जात होती. २०१८ मध्ये तर भारतासह शंभरावर देशांत क्रोम वायफाय मिळताच लोकप्रिय लेख स्वतःहून उतरवू लागलं. वाचकाने न मागितलेलं वाचन आयतं हजर! मला ते आगाऊपणाचं वाटलं.

‘रीड इट लेटर’ २०१२ मध्ये ‘पॉकेट’ झालं, २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने घेतलं आणि जुलै २०२५ मध्ये बंद केलं. ज्यांनी वर्षानुवर्षं लेख राखून ठेवले होते, त्यांना आपली यादी मुदतीत काढून घ्यावी लागली. यादी म्हणजे नुसते पत्ते, आणि त्यातले कितीतरी पत्ते एव्हाना मेलेले. उलट १९९९ मध्ये संगणकावर साठवलेलं एमएचटीएमएलचं गाठोडं आजच्या क्रोममध्येही उघडतं.