आंधळ्या सुईची गोष्ट

लढायांचं राहू द्या, आज एका सुईचा इतिहास सांगतो. इंदूरला माझ्या थोरल्या भावाच्या एक्स-रेत फुफ्फुसावर डाग दिसला, तेव्हा घरात जो तो म्हणत होता, ‘सुई लावली की गाठ पसरते.’ मीही मान डोलावली. थुंकीत काही सापडलं नव्हतं, तरी एका डॉक्टरांनी टीबी धरून गोळ्या सुरू केल्या. आठ महिने गेले. डाग वाढतच होता.

आपल्या देशात टीबी इतका, की फुफ्फुसात डाग म्हटलं की आधी तोच आठवतो. टीबी आणि कॅन्सर चित्रात सारखे दिसू शकतात. खात्री करायची तर तिथलाच कण काढून तपासावा लागतो.

ही युक्ती जुनी आहे. १८८३ साली बर्लिनच्या लायडन यांनी न्यूमोनियाच्या रुग्णाच्या छातीत सुई घालून फुफ्फुसातला द्रव काढला. १८८६ मध्ये फ्रान्समध्ये मेनेत्रिए यांनी अशाच सुईने फुफ्फुसाचा कॅन्सर ओळखला. तेव्हा एक्स-रेसुद्धा नव्हता, तो १८९५ चा. छातीवर बोटांनी ठोकून अंदाज घ्यायचा आणि सुई घालायची.

मी तोफखान्यातला. आमच्या तोफेवरच्या जवानाला डोंगरापलीकडचं लक्ष्य दिसत नाही. पुढे चौकीत बसलेला ओपी अधिकारी गोळा कुठे पडला ते बघतो आणि वायरलेसवर दुरुस्ती सांगतो. लायडन यांच्याकडे तोफ होती, ओपी नव्हता.

पुढे सुया जाड झाल्या. १९३० मध्ये न्यूयॉर्कचे मार्टिन आणि एलिस यांनी शरीरातल्या गाठींतून सुईने पेशी ओढण्याची पद्धत मांडली. पण फुफ्फुसात जाड सुई म्हणजे रक्तस्राव, हवेची गळती, काही मृत्यूसुद्धा. डॉक्टर बिचकले. मला वाटतं, आपल्या घरांतली भीती त्या काळाचीच उरलेली असावी.

ओपी आला साठच्या दशकात. स्टॉकहोमचे नॉर्डनस्ट्रॉम बारीक सुई घेऊन, क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात तिचं टोक बघत पुढे जाऊ लागले. अडचण एवढीच, की ते चित्र सपाट. सुई गाठीत आहे की तिच्या पुढे-मागे, ते चटकन कळत नाही. मग हाउन्सफिल्ड यांचा सीटी स्कॅन आला. १९७१ साली त्यावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. त्यांची कंपनी ईएमआय, म्हणजे आपल्या एचएमव्हीच्या, कुत्र्याचं चित्र असलेल्या तबकड्यांवाली! १९७६ मध्ये अमेरिकेत हागा आणि आल्फिडी यांनी सीटीत बघून सुई नेमकी कशी न्यायची ते दाखवलं.

आता धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. साधारण पाचांत एकाला फुफ्फुसाभोवती थोडी हवा साठते. बहुतेकांची आपोआप जिरते, काहींना नळी घालावी लागते. सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी दुर्मीळ.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी दादाला बायोप्सीला पाठवलं. मला काचेपलीकडे उभं राहू दिलं. त्याला पालथं झोपवलं, जागा बधिर केली. ‘श्वास रोखा.’ सुई थोडी आत. सगळे बाहेर, स्कॅन. टोक जरा वर गेलं होतं. दुरुस्ती, पुन्हा थोडी आत, पुन्हा स्कॅन. माझ्या तोंडून ‘फायर’ निघायचं बाकी होतं. अर्ध्या तासात काम झालं.

स्ट्रेचरवर दादा माझा हात धरून म्हणाला, ‘एवढंच होतं होय रे?’ मला काही बोलता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात अहवाल आला. कॅन्सर होता, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.