नेत्याचा कॅमेरा : इतिहासाचे एक साधन

राजकीय नेत्याने स्वतः टिपलेली चित्रे इतिहासाचे साधन ठरतात काय? उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) या संग्रहातील गडकिल्ल्यांची हवाई छायाचित्रे या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत. २०२५ मध्ये राज्यातील ११ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. अशा स्थळांची पूर्वस्थिती जाणण्यास जुनी हवाई चित्रे मोलाची होत. मात्र आकाशातून तटबंदीची आखणी दिसते, पायथ्याच्या वस्तीतील माणूस दिसत नाही. अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांच्या सहाय्यकांनी हौसेने काढलेल्या सुपर ८ चित्रफिती वॉटरगेट चौकशीत जप्त होऊन सरकारी दफ्तरात गेल्या. तेथे निवड त्यांच्या हाती उरली नाही. छापील संग्रहात ती कर्त्याचीच असते. म्हणून न छापलेली चित्रेही तारखांसह अभ्यासकांना खुली होणे अगत्याचे आहे.