वाळूची साक्ष

आरती संपते, घंटेचा नाद गाभाऱ्यात विरून जातो आणि मागे त्याची खूणही उरत नाही. या निराकार नादाला नेत्रांसमोर उभे करणारा एर्न्स्ट क्लाड्नी हा कायद्याचा पदवीधर होता, हे आम्हां वकीलमंडळींना अंतर्मुख करणारे आहे.

१७५६ साली जर्मनीतील विटेनबर्ग येथे जन्मलेला क्लाड्नी पित्याच्या इच्छेखातर कायदा शिकला. १७८२ साली पिता निवर्तले आणि त्याने शास्त्राची वाट धरली. धातूच्या पातळ पत्र्यावर वाळू पसरून तो कडेवरून व्हायोलिनचा गज ओढी. नाद उमटताच वाळू थरथरत सरके आणि तारे, वर्तुळे, जाळ्या अशा रेखीव आकृतींत स्थिरावे. १७८७ साली त्याने या आकृती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. १८०९ साली त्याने पॅरिसमध्ये नेपोलियनलाही त्या दाखविल्या. मात्र विद्यापीठातील कायमचे पद त्याला आयुष्यात लाभले नाही. गावोगाव प्रयोग दाखवीतच त्याने चरितार्थ चालविला.

पुढे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मृदंगाच्या पुडीवर वाळू टाकून तिच्या कंपनांच्या आकृती टिपल्या. त्यांचा निबंध १९३४ सालचा. पुडीवरील शाईमुळे तिचे उपस्वर सुसंवादी होतात, हे त्यांनी दाखविले.

वाळू गोळा होते ती पत्रा जेथे निश्चल असतो तेथे. नादाचे रूप सांगते ती त्यातील स्तब्धता. आपल्या घंटेच्या अंगावरही अशा निश्चल रेषा असतात. तिच्या उतारावर वाळू ठरत नाही, एवढेच!